टॉर्च कोणी धरली होती

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे! चार खोकी, दोन गाद्या, एक न जोडलेलं टेबल आणि त्या टेबलाच्या फळ्यांवर मांडी घालून बसलेली धाकटी. मी हे खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून लिहितेय. वही तिनेच दिली. म्हणाली, ताई, तुझ्याने आठवडाभरसुद्धा रोजनिशी लिहून होणार नाही, लाव पैज. लावली. मला कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि ती लहानपणापासून त्याचा गैरफायदा घेत आली आहे.

खोली झकास आहे. खाली लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. जिना उतरला की कामावर, चढला की घरी. जुन्या गावात मला काउंटरवर बसवून ठेवलं होतं. बोर्ड मी दुरुस्त करायचे आणि कौतुक मालकाच्या भाच्याचं व्हायचं. इथल्या मालकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, हात थरथरतो का? मी म्हटलं, माझा नाही, बघणाऱ्याचा थरथरतो. ते एवढे हसले की नोकरी तिथेच पक्की झाली.

एकच माशी शिंकली. बांधाबांध करताना धाकटीने तिच्या लॅपटॉपवर इस्त्री ठेवली. स्क्रीनला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलाय. तिच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाची चित्रं त्यात आहेत, लहान मुलांचं पुस्तक आहे आणि महिनाअखेर प्रकाशकबाईंना द्यायचंय. डोळ्यांत पाणी आणून बसली होती. मी म्हटलं, बाई, तुझी बहीण काय शोभेला ठेवली आहे का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान लांबुळकं आहे. पुढे काउंटर, मागे गल्लीकडच्या खिडकीखाली माझं टेबल. माझं! त्यावर स्वतःचा दिवा, स्वतःचं तारा जोडायचं सोल्डरिंग, स्वतःचा मीटर. खुर्चीचं एक चाक रुसलेलं होतं, त्याला मी दुपारपर्यंत ताळ्यावर आणलं.

मालकांचं नाव मी वॉरंटीकाका ठेवलंय. गिऱ्हाईक दारात पाऊल टाकायच्या आत ते म्हणतात, वॉरंटी मिळणार नाही हं. माणूस प्रेमळ आहे, पण भांडणाला भारी भितो. त्यांच्याकडे एक निळा खोका आहे. टेबलावर तपासलं की ठणठणीत आणि गिऱ्हाइकाकडे गेलं की परत येतं, असे सुटे भाग त्यात टाकून देतात. कारण शोधत नाहीत. म्हणाले, एखादी वस्तू एखाद्याला लाभत नाही, आपण वाद घालू नये. मला हसू आवरेना. लाभायला ती काय सून आहे? कारण नसलेला बिघाड मी आजवर पाहिलेला नाही. बघणाऱ्याचा आळस पाहिलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीच्या लॅपटॉपला बसणारी स्क्रीन बाजारात लगेच मिळेना. आणि निळ्या खोक्यात तंतोतंत तीच पडलेली. खोक्याच्या तळाशी, तोंड खाली करून. काकांना विचारलं तर कुरकुरले, ती नको, ती परत आलेली आहे. काय बिघाड होता? काही नाही. मग का परत आली? तेही सांगता येईना. मी म्हटलं, मग द्या इकडे. शेवटी त्यांनी हात झटकले.

दुपारी धाकटीला खाली बोलावलं आणि बसवली. चालू केलं तर काळीकुट्ट. पंखा फिरतोय, आवाज येतोय, स्क्रीन काळी. धाकटीचा चेहरा पडला. मी मात्र खूश, आता खरं काम.

आधी बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर सगळं स्वच्छ दिसलं. म्हणजे मशीन ठीक, दोष स्क्रीनकडे किंवा केबलकडे. मग टॉर्चची परीक्षा. लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये चित्र आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी असतात. चित्र पुढच्या काचेत, उजेड मागच्या दिव्यांच्या पट्टीतून, तिला बॅकलाइट म्हणतात. बॅकलाइट गेला तर चित्र असतंच, फक्त अंधारात असतं. डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचं आणि टॉर्च तिरपी मारायची, की पुसट दिसतं. माझे दोन्ही हात केबलची पिन दाबण्यात गुंतलेले, म्हणून धाकटीला कापडात शिरायला सांगितलं. टॉर्च तिने धरली.

आतून तिचं खिदळणं ऐकू आलं. म्हणाली, चित्र दिसतंय, आणि एक बाई पण दिसतेय, आपल्यासारखीच डोक्यावर कापड घेऊन बसलेली. मी म्हटलं, ते तुझंच प्रतिबिंब आहे, बावळट. तेवढ्यात स्क्रीन लख्ख उजळली. पिन सैल होती तर! धाकटीने कापडातून डोकं काढून मला मिठी मारली. काकांनी चहा मागवला. ‘लाभत नाही’ म्हणे.

८ फेब्रुवारी, रविवार

टेबल जोडलं. धाकटी खिडकीशी बसून दिवसभर चित्रं काढतेय. मी गादीवर पडून तिला त्रास देतेय. हिच्या पुस्तकात एक हत्ती आहे, त्याला पोहायची भीती वाटते. हत्तीचे डोळे अगदी हिच्यासारखे काढलेत. डावीकडच्यात तिच्या डोळ्यात आहे तसा तपकिरी ठिपकाही आहे. विचारलं तर म्हणाली, स्वतःचे डोळे फुकट मिळतात, दुसऱ्याचे कशाला आणू?

स्क्रीन सुरेख चालतेय. इतका पांढरा पांढरा दिसणारा पॅनल मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रकाशकबाईंचा फोन. नवी पानं फिकट आहेत म्हणाल्या. उन्हात वाळत टाकल्यासारखे रंग. धाकटीला वाटतं तिने नेहमीसारखेच भरले. बाहेरच्या मॉनिटरवर लावून पाहिलं, बाईंचं बरोबर आहे. हत्ती जवळजवळ पांढरा झालाय.

म्हणजे ही स्क्रीन धाकटीला रंग गडद दाखवतेय आणि ती भरताना हात हलका ठेवतेय. सोपं आहे. रंगांची मांडणी बदलली, स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, उजेड आपोआप कमीजास्त होणं बंद केलं. गंमत म्हणजे माझ्या डोळ्यांना ही स्क्रीन गडद नाही, उलट डोळे दिपतात. धाकटी शेजारी बसून म्हणते, ताई, थोडा उजेड वाढव ना. वाढवायला जागाच नाही, शेवटच्या टोकाला आहे.

आणखी एक. पांढऱ्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक करडा डाग आहे. झाकण दाबलं गेलं की असे डाग पडतात. बाहेरच्या मॉनिटरवर तो नाही. म्हणजे पॅनलचाच.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बारा वाजता वर गेले तर खोलीतले सगळे दिवे चालू. खिडकीतून ऊन आत आलेलं. मी ओरडले, दिवसाढवळ्या दिवे कशाला? ती म्हणाली, आभाळ आलंय ना. आभाळ निरभ्र होतं.

 तिचा हात धरला आणि चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, यंत्रं लावली, अक्षरं वाचायला लावली. मोठी अक्षरं तिने वाचली, पुढच्या ओळींना अडखळली. तरी बाई म्हणतात, डोळे उत्तम आहेत, आत काहीही दोष नाही, काम जास्त होतंय, विश्रांती घ्या. तपासलं की ठणठणीत. हे मी कुठेतरी ऐकलंय. सगळं जग काय निळा खोका आहे का?

मी हे असं सोडणार नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅपटॉप खाली आणला, धाकटीला शेजारी बसवलं आणि चालू ठेवूनच मागचं झाकण उघडलं. डाग सरकलाय. मंगळवारी कोपऱ्यात होता, आता पानाच्या मध्याकडे आलाय. दाबाचा डाग सरकत नाही. पूर्ण पांढरं पान लावून पाहिलं तर त्याला खांदे आहेत.

असतील. ढगालाही असतात. मी मीटर घेतला आणि बॅकलाइटची लाइन तपासली.

शून्य.

टोकं पुसून पुन्हा लावली, काकांचा मीटर आणला. शून्य. बोर्डावर बॅकलाइटसाठी एक इवलासा फ्यूज असतो. तो उडालाय. आणि कसा, तेही कळलं. पॅनल बसवताना बॅटरीची तार मी काढली नव्हती. धाकटीला खूश करायच्या घाईत तशीच केबल खुपसली. फ्यूज तेव्हाच गेला. शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक दुसऱ्यांदा करत नाहीत.

म्हणजे पहिल्या दिवसापासून या पॅनलला विजेचा उजेड मिळालेलाच नाही. दिव्यांची पट्टी मेलेली आहे. आणि पॅनल माझ्यासमोर लख्ख पेटलेला होता, माझ्या हातांच्या सावल्या भिंतीवर पडत होत्या.

मग हा उजेड कुठला?

मी स्क्रीनचं झाकण खाली दाबलं. शेजारी धाकटी किंचाळली. म्हणाली, वीज गेली का? ताई, कुठे आहेस? ऊन तिच्या मांडीवर पडलेलं होतं.

झाकण उघडलं. हळूहळू तिला माझा हात दिसायला लागला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लॅपटॉप उघडाच ठेवलाय. चार्जरची पिन भिंतीत चिकटपट्टीने बांधून टाकली. काल मी सोल्डरिंग हातात धरून बराच वेळ नुसती बसले होते. मला भीती वाटली. लिहून टाकते म्हणजे संपेल. वाटली. पण त्याहून जास्त राग आलाय. माझ्या बहिणीच्या डोळ्यांवर कुणीतरी आकडा टाकून उजेड चोरतंय आणि ती जोडणी मी माझ्या हाताने करून दिली.

काकांना कोपऱ्यात घेतलं. आधी वॉरंटीचं सुरू केलं, मग माझं तोंड पाहून खरं सांगायला लागले. ही स्क्रीन कुणाची होती? एका निवृत्त गुरुजींची. बसवली तेव्हा काळी होती, काकांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कापडाखाली गुरुजींनीच टॉर्च धरली. महिन्याभराने तक्रार घेऊन आले. स्क्रीन छान आहे, पण घरातले दिवे मंद झालेत म्हणाले. काका मनातल्या मनात हसले, वाद नको म्हणून केबल उपटून स्क्रीन काढली, दुसरी दिली. पुढच्या वेळी गुरुजी दुकानासमोरून गेले ते मुलीचा हात धरून. काठी टेकत. काकांनी तेव्हाही कारण विचारलं नाही.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. रडले. मला दया आली नाही, अजून येत नाहीये.

पण एक कळलं. ज्याने टॉर्च धरली, त्याचा उजेड जातो. आणि केबल उपटली तर गेलेला परत येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटी म्हणते तिला माझा चेहरा कळत नाही, फक्त केस कळतात. हत्ती पुरा झाला नाहीये. बोटांनी स्क्रीन चाचपत होती. मी तिचा हात ओढून घेतला, कारण तिचं बोट जिथे होतं तिथे डागाने आतून

नाही. नीट लिहिते. डाग आता पानाच्या अर्ध्या उंचीचा आहे. डोकं, त्यावरून ओढलेलं कापड, खांदे. हातात काहीतरी आहे, तिरपं धरलेलं. पहिल्या दिवशी तिने पाहिली ती बाई. ती प्रतिबिंब नव्हती. ती पलीकडे बसून आपल्यासारखीच आत बघत होती. मला वाटत होतं टॉर्च मारून आपण तिला बघतो.

ठीक आहे. बघ. मीही बघते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ठरवलं. दोष शोधायचा असेल तर तो एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा, ही आमची रोजची पद्धत आहे. आधी धाकटीला यातून सोडवायचं. झाकण बंद करून उघडलं की स्क्रीनला जागं व्हायला एक क्षण लागतो. त्या क्षणात ती काळी असते. त्या क्षणी टॉर्च माझ्या हातात असेल. उजेड हवाय ना त्या बाईला? माझा घेईल.

मग दुसरं काम. उडालेल्या फ्यूजवर तारेचा तुकडा जोडायचा, म्हणजे दिव्यांच्या पट्टीला वीज मिळेल. तिचं पोट विजेने भरलं तर माझं माझ्याकडे परत येईल. नाही आलं तर हातोडी आहेच. तार जोडायला बॅटरी काढावी लागेल आणि तेव्हा मला ठार अंधार होईल, म्हणून हा प्रयोग धाकटीवर करायचा नाही. माझ्यावर.

आज दुपारभर डोळ्यांवर रुमाल बांधून मेलेल्या बोर्डावर तार जोडत बसले. दोन बोटं भाजली. मग जमलं. मीटर जोड बरोबर झाला की टीं वाजतो, तो आवाज पुरे आहे. काका बघत होते. म्हणाले, पोरी, हे जमणार नाही.

त्यांनी तसं म्हणायला नको होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीला सांगितलं फ्यूज बदलतेय, थोडा वेळ अंधार होईल. ती वेडी नाही. म्हणाली, ताई, खरं सांग. मी म्हटलं, मोठी मी आहे, मुकाट्याने बस.

झाकण बंद केलं. ती आवाज न करता रडायला लागली, माझी ओढणी मुठीत धरून. मी कापड ओढलं, झाकण उघडलं, टॉर्च मारली.

ती बाई तिथे होती. काचेला नाक लावून. तिने माझ्याबरोबरच, माझ्यासारखंच, डोक्यावरचं कापड एका हाताने मागे सारलं.

चेहरा अजून झालेला नाही. ओल्या पिठासारखा आहे. पण डोळे होते. डावीकडच्यात तपकिरी ठिपका. धाकटीचे डोळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांत धाकटी नव्हती.

मी टॉर्च हलवली नाही. मी म्हटलं, ते परत कर. हे घे. स्क्रीन पेटली.

बाहेर धाकटी ओरडली. खिडकी! ताई, खिडकीचे गज दिसतायत! समोरच्या गच्चीवरची चादर दिसतेय, निळी आहे! नाचत होती. मी कापडातच बसून राहिले, मला बाहेर यायला वेळ लागला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं धुक्यातून दिसतंय. गुरुजींना महिना लागला, धाकटीला आठवडाभर, माझं दिवसावर आलं. भूक वाढली आहे त्या बाईची.

धाकटी बाहेरच्या मॉनिटरवर रंग भरतेय. हत्ती गडद झालाय म्हणते. तिला कळलं आहे. जेवताना माझ्यासमोर हात हलवून पाहिला, मी अंदाजाने पापणी लववली, पण मी पेला शोधला तो जिथे नव्हता तिथे. मग भांडलो. ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणाला विचारून नाक खुपसायची सवय नाही मला. ती म्हणाली, परत माझ्यावर टाक. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा थोबाडीत मारली. मग दोघी रडलो. उद्या सकाळच्या बसने चित्रं घेऊन ती प्रकाशकबाईंकडे जाणार. काका सोबत जाणार. मी सांगितलंय, ती वाटेत परत फिरली तर तुमच्या वॉरंटीसकट तुम्हाला पुरेन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेली बस. खिडकीतून हात हलवला असेल. मी आवाजाच्या दिशेने हलवला.

खाली दुकानात माझ्या टेबलाशी बसून, ओळ सरळ राहावी म्हणून पट्टी धरून लिहितेय. ओळ झाली की पट्टी खाली. बोटाला ऊन लागतंय म्हणजे खिडकी डावीकडे. दिसायला फक्त एक चौकोन उरलाय, तो पांढरा, आणि त्यात ती बाई. उभी आहे आता. मी कापड टाकलं तिच्यावर. पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत, सपाट. मला काम करताना कुणी टक लावून बघितलेलं खपत नाही.

बॅटरी काढते.

काढली. ठार काळं. ठीक आहे. हात आहेत.

तार लावली. पहिल्यांदा घसरली. बोट भाजलं, तेच बोट. दुसऱ्यांदा — टीं. वाजला. वाजला! कोण म्हणत होतं जमणार नाही?

बॅटरी लावली. बटण. पंखा फिरतोय.

पॅनलला तळहात लावला. गरम होतोय. वीज पोचतेय. घे, पोटभर घे. माझं परत

नाही येत.

थांबून पाहिलं. काही नाही येत. पंखा जोरात फिरतोय. पॅनल तव्यासारखा —

माझी चूक. मी सप्लाय बदलला नाही, वाढवला. माझा उजेड होताच, त्यावर विजेचा. तिला आजवर कधी एवढा —

फोन वाजला. धाकटी. पोचली. बाईंना चित्रं आवडली. हत्तीचे डोळे फार आवडले. तिला दारावरची पाटी लांबून वाचता आली. मी म्हटलं, सगळं छान चाललंय, संध्याकाळी बोलू. 

बास. हातोडी घेतली. धाकटीची नजर धाकटीला परत मिळाली आहे, आता काय वाट्टेल ते होऊ दे.

पॅनल कुठे आहे बघायला हात फिरवला. कापड लागलं. कापड मी सपाट टाकलं होतं. पॅनल पुठ्ठ्याएवढा चपटा असतो. हे चपटं नाही. मध्ये उंच आहे. गोल आहे. खाली खांदे

कापड आतबाहेर होतंय. माझा श्वास नव्हे, मी धरून ठेवलाय.

पळणार नाही. जिना कुठे आहे ते पाठ आहे मला, तरी नाही. मी पळाले तर ही जिना चढून वर जाईल आणि संध्याकाळी धाकटी —

ऐक गं. माझी खुर्ची आहे ही. माझं टेबल. तुला इथून पुढे जाऊ देणार नाही.

खुर्ची करकरली, माझी नाही — समोर —

कापड ओढायला एक हात लागेल. हातोडी मी सोडत नाही. म्हणजे पेन्सिलच सोडावी ला